शेजारचं राज्य : अमेरिकेतले टोमणे आणि त्यामागचा हिशोब

हडसनकाठ

अमेरिकेत कुणालाही विचारा, शेजारच्या राज्यात वाईट काय आहे? उत्तर तयार असतं, आणि त्यात पहिला नंबर गाडी चालवण्याचा. इलिनॉयवाले डाव्या लेनमध्ये मुक्काम ठोकतात, मॅसॅच्युसेट्सवाल्यांना इंडिकेटर ही शोभेची वस्तू वाटते, वगैरे. हे सगळीकडे सारखंच, त्यामुळे त्यातून फारसं काही कळत नाही.

खरी भानगड कळते ती सीमेवरच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये. कुठल्या राज्याच्या नंबरप्लेटा कुणाच्या अंगणात उभ्या आहेत आणि डिकीत काय भरलं जातंय, ते बघायचं. एका बाजूला जे महाग किंवा बंद, ते घ्यायला लोक दुसऱ्या बाजूला जातात. मग इकडचे तिकडच्यांना फुकटे म्हणतात आणि तिकडचे इकडच्यांना शिष्ट. तेव्हा नुसते टोमणे नकोत. त्यामागचा कर, टोल, कायदा, आकडा, साल असं काहीतरी हाताला लागेल ते लिहा.

सुरुवात न्यू जर्सीपासून करतो, कारण एडिसनच्या ओक ट्री रोडच्या आसपास मराठी वस्ती दाट आणि टोमण्यांचंही हे माहेरघर.

न्यूयॉर्ककरांचा लाडका विनोद : न्यू जर्सीत शिरायला फुकट, बाहेर पडायला मात्र पैसे पडतात. हे शब्दशः खरं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन पूल, लिंकन आणि हॉलंड बोगदे, स्टेटन आयलंडकडचे तिन्ही पूल, सगळीकडे टोल फक्त न्यूयॉर्कच्या दिशेला. पश्चिमेला डेलावेअर नदीवरच्या टोलच्या पुलांवर तो पेनसिल्व्हेनियाच्या दिशेला. दक्षिणेला डेलावेअर मेमोरियल पुलावर डेलावेअरकडे जाताना. म्हणजे तिन्ही बाजूंनी तीच तऱ्हा. कारण अगदी रुक्ष आहे. हडसनवर १९७० पर्यंत दोन्हीकडे टोल घेत. जाणारा बहुधा त्याच वाटेनं परत येतो, म्हणून एका बाजूचे नाके काढून दुसऱ्या बाजूला दुप्पट लावला. रांगा निम्म्या झाल्या, वसुली तेवढीच राहिली. विनोद मात्र जन्माला आला तो आलाच.

जर्सीकरांचा राग ताजा आहे तो गर्दी-शुल्काचा. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी नेली की गर्दीच्या वेळी ९ डॉलर. लिंकन किंवा हॉलंड बोगद्यातून आलात तर ई-झेडपासवर (टोल आपोआप कापणारा गाडीतला टॅग) ३ डॉलरपर्यंत सवलत. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून येऊन खाली उतरलात तर ती नाही. बरेचजण इथेच फसतात : पुलाचा टोल भरला की काम झालं असं समजतात. जर्सी सरकार याविरुद्ध कोर्टातही गेलं.

उलट बाजूनं न्यूयॉर्ककर म्हणतात, तुम्ही आमच्या शहरात कमावता आणि रात्री पळून जाता. त्यातही तथ्य आहे. न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा इन्कम टॅक्स आहे, ३.०७८ ते ३.८७६ टक्के, पण तो फक्त शहरात राहणाऱ्यांना. बाहेरून येणाऱ्यांवरचा छोटा कर १९९९ मध्ये रद्द झाला. त्यामुळे जर्सी सिटीत राहून वॉल स्ट्रीटवर नोकरी केली की तेवढे वाचतात. राज्याचा कर मात्र न्यूयॉर्क सोडत नाही.

बाकी किरकोळ : जायंट्स आणि जेट्स हे फुटबॉलचे संघ नावानं न्यूयॉर्कचे, पण दोघांचं मैदान जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला. एलिस आयलंडसाठी दोन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. १९९८ च्या निकालात मूळ बेटाचे सुमारे ३.३ एकर न्यूयॉर्कला राहिले, भराव घालून वाढवलेला उरलेला भाग जर्सीचा. बेट एकूण २७.५ एकरांचं. म्हणजे बेटाचा बराचसा भाग आता जर्सीत, आणि पाट्या बघून हे कुणालाच कळत नाही.

---

ओकट्रीचा_वडापाव

धागा बुकमार्क केला. एक पुरवणी, समुद्रकिनाऱ्याची. जर्सी शोअरवर उन्हाळ्यात येणाऱ्यांना दोन नावं आहेत. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, न्यूयॉर्क आणि नूअर्कच्या बाजूनं येणारे ते 'बेनी'. दक्षिणेकडे, फिलाडेल्फियाहून येणारे ते 'शूबी'. पूर्वी लोक रेल्वेनं बुटांच्या खोक्यात डबा घेऊन यायचे म्हणून शूबी, असं सांगतात. स्थानिकांचा आक्षेप एवढाच, की आपलं खाणं आपणच आणतात, इथे काही खर्च करत नाहीत.

पाहुण्यांचा आक्षेप : वाळूवर बसायला पैसे! जर्सीत बहुतेक गावं उन्हाळ्यात बीच बॅज विकत घ्यायला लावतात. दिवसाचा, आठवड्याचा आणि अख्ख्या मोसमाचा वेगळा. टाळायचं असेल तर वाइल्डवुड किंवा अटलांटिक सिटीला जा, तिथे फुकट आहे.

आणि हो, एडिसन सेंट्रल जर्सीत येतं. असा भाग नाहीच म्हणणाऱ्यांसाठी : २०२३ मध्ये राज्यानं कायदा करून सेंट्रल जर्सीला मान्यता दिली आहे. मिडलसेक्स काउंटी त्यात आहे.

---

खडूस_बोस्टनकर

आम्हा मॅसॅच्युसेट्सवाल्यांना दिलेली शिवी थेट शब्दकोशात गेली. 'मॅसहोल' हा शब्द २०१५ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशात आला. न्यू हॅम्पशर, मेन, व्हरमाँट तिघंही तो वापरतात, मुख्यतः महामार्गावर.

न्यू हॅम्पशरचं गणित बघा. सेल्स टॅक्स शून्य, पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स शून्य. मॅसॅच्युसेट्समध्ये सेल्स टॅक्स ६.२५ टक्के. म्हणून शनिवारी नॅशुआ आणि सेलमच्या मॉलमध्ये अर्ध्या गाड्या आमच्या. दारूची दुकानं तिथलं सरकारच चालवतं, आणि ती मांडली आहेत कुठे? आय-९५ वर हॅम्पटनला आणि आय-९३ वर हुकसेटला, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना. शेजाऱ्याची डिकी भरावी म्हणूनच ही सोय. आमच्या राज्यानं २००९ मध्ये दारूच्या दुकानांवरही सेल्स टॅक्स लावला. सीमेवरच्या दुकानदारांनी बोंब मारली आणि २०१० मध्ये मतदारांनी तो उडवला.

पण 'न्यू हॅम्पशरला सगळंच स्वस्त' यावर आंधळा विश्वास नको. तीन ठिकाणी लोक चुकतात.

कपडे : मॅसॅच्युसेट्समध्ये १७५ डॉलरपर्यंतच्या कपड्याला मुळात करच नाही. शर्टासाठी पेट्रोल जाळून जाण्यात अर्थ नाही. टीव्ही, लॅपटॉप, सोफा यात फायदा. (तिथेही कायद्यानं 'यूज टॅक्स' म्हणून तेवढीच रक्कम घरच्या राज्याला भरायची असते. रिटर्नमध्ये त्याची ओळ आहे. किती जण भरतात ते विचारू नका.)

गाडी : न्यू हॅम्पशरच्या डीलरकडून घेतली तरी नोंदणी मॅसॅच्युसेट्समध्ये करताना ६.२५ टक्के भरावेच लागतात. इथे पळवाट नाही.

हॉटेलात जेवण : न्यू हॅम्पशरमध्ये खाण्यावर आणि खोल्यांवर ८.५ टक्के कर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जेवणावर ६.२५ आणि गावाचा ०.७५ धरला तरी ७. म्हणजे खरेदी तिथे, जेवण घरी!

तिथे राहायला जाणाऱ्यांचा भ्रम वेगळा. न्यू हॅम्पशरला घर आणि बोस्टनला ऑफिस असेल तर पगारावर मॅसॅच्युसेट्सचा कर लागतोच, वर न्यू हॅम्पशरचा जबर घरपट्टी-कर. कोविडमध्ये घरी बसून काम करणाऱ्यांकडूनही मॅसॅच्युसेट्सनं कर घेतला. न्यू हॅम्पशर थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण जून २०२१ मध्ये न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

न्यू हॅम्पशरचं मेनशीही भांडण आहे. पोर्ट्समथच्या नौदल गोदीचं नाव न्यू हॅम्पशरच्या गावावरून, पण गोदी नदीतल्या बेटावर. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यू हॅम्पशरचा दावा फेटाळला आणि बेट मेनमध्येच राहिलं. तिथे कामाला जाणारे न्यू हॅम्पशरचे लोक मेनला इन्कम टॅक्स भरतात आणि मेनला शिव्याही घालतात. मेनवाले बाहेरच्या कुणालाही 'फ्रॉम अवे' म्हणतात. तीस वर्षं राहिलात तरी फ्रॉम अवेच.

---

चीजकर्ड

विस्कॉन्सिनतर्फे हजर. इलिनॉयवाल्यांना आमच्याकडे दोन नावं. 'फ्लॅटलँडर' हे सभ्य (व्हरमाँटवालेही न्यूयॉर्क-बोस्टनच्या लोकांना हेच म्हणतात). दुसरं 'एफआयबी', त्याचं पूर्ण रूप इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. लेक जिनीव्हा, विस्कॉन्सिन डेल्स, डोअर काउंटी, जिथे तळं आणि झाडं तिथे शुक्रवारी संध्याकाळी शिकागोच्या गाड्यांची रांग. घरांच्या किमती त्यांनी वाढवल्या ही खरी पोटदुखी. त्याच किमतींवर आमच्या काउंट्यांची घरपट्टी गोळा होते, हे मात्र कुणी बोलत नाही.

त्यांचं आमच्याबद्दलचं मत 'चीजहेड'. आम्ही ते फोमच्या पिवळ्या टोपीसकट डोक्यावर घेतलं, त्यामुळे त्यातली हवाच गेली.

सीमेवरची तस्करी इथे जुनी आहे. विस्कॉन्सिन दुधाचं राज्य, म्हणून १८९५ पासून १९६७ पर्यंत पिवळ्या रंगाचं मार्गरीन विकायला बंदी होती. पांढरं चालायचं, पिवळं नाही, कारण पिवळं लोण्यासारखं दिसतं. लोक गाड्या काढून इलिनॉयला जायचे आणि खोकी भरून आणायचे. आता तीच वाट गांजासाठी. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून कायदेशीर, आमच्याकडे नाही. साउथ बेलॉइटचं दुकान सीमेला जवळजवळ चिकटून आहे.

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात. दुकानात विकत मिळतो म्हणून इमिग्रेशनच्या फॉर्मवर तो निरुपद्रवी ठरत नाही. सीमा ओलांडून नेणं तर दोन्हीकडून गुन्हा.

टोल : विस्कॉन्सिनमध्ये एकही टोलरस्ता नाही. इलिनॉयमध्ये शिकागोभोवती जिकडेतिकडे. रोख घेणारे नाके २०२० मध्ये गेले. ई-झेडपास चालतो, पण नसेल तर १४ दिवसांच्या आत वेबसाइटवर नंबरप्लेट टाकून भरायचं. भाड्याच्या गाडीत हे हमखास राहून जातं आणि मग कंपनीचा दंड टोलच्या कितीतरी पट येतो.

शिकागोकरांचा एक टोमणा मात्र आम्हाला झोंबतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा फौजदारी न धरणारं विस्कॉन्सिन हे देशातलं एकमेव राज्य आहे. तिथे उत्तर नाही.

---

प्रश्नचिन्ह

वाचतोय, मजा येतेय. हडसनकाठ यांना प्रश्न : घर पेनसिल्व्हेनियात आणि नोकरी जर्सीत असेल तर दोन्हीकडे रिटर्न भरावं लागतं का? न्यूयॉर्कसारखंच?

---

हडसनकाठ

@प्रश्नचिन्ह, नाही, आणि इथेच शेजारी-शेजारी फरक पडतो.

जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात परस्पर करार आहे : पगारावर कर फक्त राहत्या राज्यात. पण तो आपोआप लागू होत नाही. पेनसिल्व्हेनियात राहून जर्सीत काम असेल तर एनजे-१६५ हा फॉर्म कंपनीच्या पेरोलला द्यायचा. उलट असेल तर आरईव्ही-४१९. फॉर्म दिला नाही की पेरोल कामाच्या राज्याचा कर कापत राहतं, आणि मग वर्षाअखेरी तिथे रिटर्न भरून पैसे परत मागायचे, इकडे राहत्या राज्याला पूर्ण कर एकदम भरायचा. नोकरी बदलली की फॉर्म पुन्हा द्यायचा. राज्य बदलून घर घेतलं तरी पुन्हा.

मेख अशी की करार राज्यांचा आहे, शहरांचा नाही. फिलाडेल्फियात ऑफिस असेल तर शहराचा वेज टॅक्स बाहेरच्यांनाही लागतो, सुमारे ३.४ टक्के. त्याचं क्रेडिट जर्सीच्या रिटर्नमध्ये मागायचं.

न्यूयॉर्कशी असा करार नाही. क्रम महत्त्वाचा : आधी न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न, आयटी-२०३. त्यात जो कर निघेल त्याचं क्रेडिट मग जर्सीच्या रिटर्नमध्ये. उलट क्रमानं करायला गेलात तर आकडे जुळत नाहीत. पेस्लिपवर कापलेली रक्कम क्रेडिटमध्ये टाकणं ही नेहमीची चूक. तिथे रिटर्नवर निघालेला कर टाकायचा असतो. घरून काम केलं म्हणून न्यूयॉर्कचा कर सुटेल असंही समजू नका. कंपनीच्या गरजेमुळे नव्हे तर स्वतःच्या सोयीनं घरी बसलात, असं ते धरतात आणि तो दिवस न्यूयॉर्कचाच मोजतात.

ख्रिस्टी जर्सीचे गव्हर्नर असताना २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाशी करार मोडण्याची घोषणा झाली होती. काही महिन्यांत मागे घेतली. तेवढ्या दिवसांत नदीच्या दोन्ही काठांवर एकमेकांबद्दल जे बोललं गेलं ते छापण्याजोगं नव्हतं.

---

सरोवरकाठी

मिशिगन-ओहायो राहूनच चाललं होतं. बाकी राज्यांचे टोमणे असतात, आमचं 'युद्ध' झालंय. १८३५ ची टोलेडोची लढाई : सुमारे ४६८ चौरस मैलांचा पट्टा, दोन नकाशे, दोन्हीकडून फौजा उभ्या. गोळीबार नावापुरता, आणि नोंदलेला एक जखमी. मिशिगनच्या एका उपशेरीफला चाकू मारला तो टू स्टिकनी नावाच्या तरुणानं. टू हे खरं नाव. वडिलांनी मुलांची नावं वन आणि टू ठेवली होती. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं, आणि भरपाई म्हणून मिशिगनला वरचा द्वीपकल्प मिळाला. तेव्हा ते ओसाड रान म्हणून लोक चिडले. नंतर तिथे तांबं आणि लोखंड निघालं. २६ जानेवारी १८३७ ला मिशिगन राज्य झालं. आजही मिशिगनकर म्हणतात, टोलेडो देऊन टाकलं ते बरंच झालं.

मिशिगनविरुद्धच्या फुटबॉल सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल टेपची फुली मारतात. मिशिगनचं नावच घेत नाहीत, 'दॅट टीम अप नॉर्थ' म्हणतात. आपल्याकडे नाव न घेण्याची प्रथा नवऱ्यापुरती होती, इथे अख्ख्या राज्याची आहे.

पैशाची बाजू म्हणजे बाटल्या. मिशिगनमध्ये सोड्याच्या आणि बिअरच्या प्रत्येक डब्यावर १० सेंट अनामत. डबा परत दिला की परत मिळते. ओहायो, इंडियाना, विस्कॉन्सिन तिघांकडे अनामतच नाही. मग डोक्यात येतंच : तिकडचे रिकामे डबे गोळा करा, इथे यंत्रात घाला. तसं जमत नाही. यंत्र बारकोड वाचतं आणि मिशिगनमध्ये न विकलेला डबा परत ढकलतं. दुकान एका माणसाला दिवसाला २५ डॉलरच्या वर द्यायला बांधील नाही, म्हणजे २५० डबे. आणि जाणूनबुजून बाहेरचा माल आणला तर गुन्हा. संख्या दहा हजारांवर गेली की पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डबे चेपून आणू नका, मग बारकोड वाचला जात नाही. हे अस्सल मिशिगनच्या डब्यांनाही लागू.

राज्याच्या आतही शेजारी आहेतच. वरच्या द्वीपकल्पातले 'यूपर', मॅकिनॉ पुलाच्या खाली राहणारे आम्ही 'ट्रोल' (गोष्टीतले पुलाखालचे राक्षस). वरच्या द्वीपकल्पातल्या विस्कॉन्सिनला लागून असलेल्या चार काउंट्या घड्याळही विस्कॉन्सिनचंच लावतात.

---

रोझसिटी

ओरेगन-वॉशिंग्टन हा हडसनकाठ यांच्या सिद्धांताचा सर्वांत स्वच्छ नमुना. ओरेगनला सेल्स टॅक्स नाही, वॉशिंग्टनला पगारावर इन्कम टॅक्स नाही, आणि मध्ये फक्त कोलंबिया नदी. राहायचं व्हँकुव्हरला (कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टनमधलं), खरेदी पोर्टलंडला. पोर्टलंडकर अशांना फुकटे म्हणतात आणि पुलावरच्या रोजच्या कोंडीचं खापरही त्यांच्यावर फोडतात.

ज्यांना हे स्वर्गसुख वाटतं त्यांनी नोकरी कुठे आहे ते आधी बघावं. ऑफिस पोर्टलंडला असेल तर घर कुठेही असो, त्या पगारावर ओरेगनचा कर लागतो. फायदा फक्त नोकरी आणि घर दोन्ही वॉशिंग्टनमध्ये असलेल्यांना. ओरेगनमधून बिनकराची गाडी आणून वॉशिंग्टनमध्ये नोंदवायला गेलात तर काउंटरवरच यूज टॅक्स मागतात.

ओरेगनच्या लोकांची तक्रार दुसरी. पूर्वी वॉशिंग्टनच्या दुकानात ओरेगनचं लायसन्स दाखवलं की सेल्स टॅक्स लागायचा नाही. १ जुलै २०१९ पासून ते बंद. आता आधी कर भरायचा, पावत्या जपायच्या आणि पुढच्या वर्षी एकदाच अर्ज करायचा. परत मिळतो तो फक्त राज्याचा ६.५ टक्क्यांचा भाग, शहराचा-काउंटीचा नाही, आणि तो किमान २५ डॉलर व्हायला हवा. म्हणजे साधारण ३८५ डॉलरची खरेदी. हॉटेलचं जेवण यात धरत नाहीत.

आणि दोघं मिळून कॅलिफोर्नियाला नावं ठेवतात. ओरेगनचे गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी १९७१ मध्येच सांगून टाकलं होतं : पुन्हा पुन्हा भेटायला या, पण इथे राहायला येऊ नका.

---

वाळवंटी_ऊन

युटाचे शेजारी म्हणजे युटाची दुकानंच म्हणा. युटात लॉटरी नाही, तर तिकिटासाठी आयडाहोतलं मलाड. जुगार नाही, तर सॉल्ट लेक सिटीपासून १२० मैलांवरचं वेंडोव्हर. सीमेपलीकडचं वेस्ट वेंडोव्हर नेव्हाडाचं असूनही घड्याळ युटाचं लावतं, कारण गिऱ्हाईक तिकडचं. किराणा दुकानातली बिअर आता ५ टक्क्यांपर्यंत मिळते (१ नोव्हेंबर २०१९ पासून, आधी ४ होती), म्हणून वायोमिंगच्या एव्हन्स्टनला होणारी गर्दी जरा कमी. परत येताना मात्र जपून : दारू पिऊन चालवण्याची मर्यादा देशात ०.०८, युटात ०.०५. 'नेव्हाडात चालत होतं' ही सबब चालत नाही.

गंमत म्हणजे जुगाराच्या नेव्हाडातही सरकारी लॉटरी नाही. संविधानातच बंदी. मग लास व्हेगासचे लोक आय-१५ वरून प्रिमला जातात आणि सीमेपलीकडे कॅलिफोर्नियाच्या बाजूला असलेल्या लॉटरीच्या दुकानात रांग लावतात. जॅकपॉट फुगला की रांग तासन्‌तास.

कॅलिफोर्नियाबद्दल सगळ्या शेजाऱ्यांची एक समान तक्रार : राज्यात शिरताना थांबवून फळं आहेत का विचारतात. अशी १६ तपासणी नाकी आहेत. हा उद्धटपणा नाही, लिंबूवर्गीय बागांचा प्रश्न आहे. आपल्या लोकांचं तिथे हमखास अडतं ते कढीपत्त्यावर. सिट्रस सिलिड नावाचा बारीक किडा त्याच्या कोवळ्या पानांवर राहतो आणि संत्र्याची झाडं मारणारा रोग पसरवतो. फ्लोरिडाच्या बागांची वाट याच रोगानं लावली.

---

बखरवाला

थोडं खोडून काढतो. सगळं कर आणि टोल यात बसत नाही. कॅन्सस आणि मिझुरी घ्या. कॅन्सस सिटी हे शहर दोन्ही राज्यांत पसरलेलं, मध्ये स्टेट लाइन रोड नावाचा साधा रस्ता. अलीकडची घरं मिझुरी, पलीकडची कॅन्सस. पण वैराचं मूळ १८५० च्या दशकात : कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी यावरून रक्तपात, आणि २१ ऑगस्ट १८६३ ला गुलामगिरीच्या बाजूच्या क्वांट्रिलच्या टोळीनं मिझुरीतून येऊन लॉरेन्स गाव जाळलं. दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलं मारली गेली. कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचं नाव 'जेहॉक', हा त्याच काळातला शब्द. तिथल्या बास्केटबॉलच्या घोषणा ऐकताना हे माहीत असलेलं बरं.

तसंच दक्षिणेत. अलाबामात एक म्हण आहे, 'मिसिसिपी आहे म्हणून देवाचे आभार'. शिक्षण, उत्पन्न, आरोग्य कुठलीही यादी आली की अलाबामा खालून दुसरं येतं तेव्हा म्हणायची. यात कुणी काही विकत घ्यायला सीमा ओलांडत नाही.

---

हडसनकाठ

लॉरेन्सपुढे सिद्धांत मागे घेतो. पण त्याच स्टेट लाइन रोडवर कंपन्या अर्धा मैल सरकून दोन्ही राज्यांकडून करसवलती उकळत होत्या, त्या थांबवायला दोघांना २०१९ मध्ये तह करावा लागला, हेही नोंदवा. आणि अलाबामात लॉटरी नाही, त्यामुळे तिथले लोक तिकिटाला फ्लोरिडा आणि जॉर्जियाला जातातच.

---

बखरवाला

मान्य. जॉर्जियावरून आठवलं : १८१८ च्या मोजणीत चूक झाली आणि टेनेसीची सीमा ३५ अक्षांशाच्या सुमारे एक मैल खाली आखली गेली. बरोबर आखली असती तर जॉर्जियाला टेनेसी नदीचा काठ मिळाला असता. ॲटलांटात पाणीटंचाई आली की हा दोनशे वर्षांचा मैल पुन्हा विधानसभेत येतो.

---

चकलीभाजणी

दिवाळीच्या फटाक्यांचं कुणी लिहिलं नाही! जर्सीत २०१७ पासून फुलबाज्या वगैरे चालतात, उडणारे-फुटणारे नाहीत. न्यूयॉर्क शहरात तेही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये फुलबाजीसुद्धा बंद, म्हणून न्यू हॅम्पशरच्या सीब्रुकची दुकानं चालतात. पेनसिल्व्हेनियात मोठी दुकानं सीमेवर आहेत, आणि मजा अशी की २०१७ पर्यंत ती हे फटाके खुद्द पेनसिल्व्हेनियाच्या लोकांना विकूच शकत नव्हती. बाहेरचं लायसन्स दाखवलं तरच मिळायचे. विकत घेणं तिथे कायदेशीर आहे, जर्सीत आणणं नाही. पावती जवळ असणं हा बचाव नाही, उलट पुरावा.

@वाळवंटी_ऊन, फीनिक्सहून सॅन डिएगोला बिऱ्हाड हलवताना कढीपत्त्याची कुंडी नेण्याचा काही मार्ग आहे का?

---

वाळवंटी_ऊन

नाही. लपवून नेऊ नका, नाक्यावर काढून घेतात. कुंडी फीनिक्समध्येच कुणाला देऊन टाका आणि सॅन डिएगोत परवानाधारक नर्सरीतून नवं रोप घ्या. तेही नंतर दुसऱ्या काउंटीत हलवण्याआधी चौकशी करा, कारण या किड्याच्या क्वारंटाइनच्या सीमा राज्याच्या आतही आखलेल्या आहेत.